खडकाचे वय आणि खनिजाचे वय

पश्चिम ऑस्ट्रेलियातील हॅमर्सली प्रदेशात लोहखनिजाचे जे अवाढव्य साठे आहेत, त्यांच्या उत्पत्तीचा विचार करताना खडकाचे वय वेगळे आणि खनिजाचे वय वेगळे, ही गोष्ट श्रोत्यांनी आरंभीच मनात पक्की करावी. कारण जाणत्यांचाही घोटाळा नेमका येथेच होतो. पट्टित लोहशैल, म्हणजे लोहाचे आणि गारेसारख्या सिलिकेचे थर एकाआड एक बसलेला खडक, तेथे सुमारे २६० ते २४५ कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी साचला; त्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ नव्हता, म्हणूनच लोह त्यात विरघळून राहू शकले होते.

हा खडक दूध मानला, तर खाणीतला समृद्ध माल हा खवा होय. मूळ खडकात लोह साधारण तीस टक्के असते. पुढे केव्हातरी भूगर्भात फिरणाऱ्या पाण्याने सिलिका काढून नेली, की ते साठ टक्क्यांच्या वर जाते. दूध केव्हा काढले हे कळले, म्हणून खवा केव्हा आटवला हे कळत नाही. चुलीची राख उडून दुधात पडावी, तशी या थरांमध्ये ज्वालामुखींची राख पडली असून तिच्यात झिरकॉन या खनिजाचे सूक्ष्म स्फटिक आहेत. झिरकॉन घडताना युरेनियम सामावून घेतो, शिसे मात्र जवळजवळ घेत नाही. त्यामुळे आज त्यात सापडणारे शिसे बहुतांशी युरेनियमच्या ऱ्हासातून आलेले असते, आणि युरेनियम-२३८ निम्मे होण्यास सुमारे ४४७ कोटी वर्षे लागतात, या हिशेबाने वय निघते. पण ते दुधाचे वय, हे पुन्हा सांगितलेच पाहिजे.

खव्याचे वय खव्यातूनच काढावे लागते. कर्टिन विद्यापीठातील संशोधकांच्या गटाने हेमॅटाइट, म्हणजे लोहाचे ऑक्साइड खनिज, घेऊन त्यातीलच युरेनियम आणि शिसे मोजले, आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामात साठ्यांचे वय १४० ते ११० कोटी वर्षे निघाले. त्याआधी ते २२० कोटींच्या आसपास धरले जात असे. दूध काढल्यावर शंभर कोटी वर्षे उलटून गेली आणि मग खवा झाला! हा आकडा कोणी समुद्राच्या इतिहासाला चिकटवला, तर प्राणवायूहीन, लोहाने भरलेला समुद्र त्या काळापर्यंत तसाच होता, असे भलतेच अनुमान निघेल.

गोव्यातील लोहखनिजही पट्टित लोहशैलांपासूनच आले. तेथे मात्र आटवण्याचे काम मुख्यतः उष्ण, पावसाळी हवेतील झिजेने केले. त्या झिजेचा काळ राखेतल्या झिरकॉनला विचारून उपयोग नाही, आणि तो कोणत्या खनिजाला विचारावा, हा विषय उरलेल्या मिनिटात मावणारा नाही.