पिस्तुलाचा चाप हलका करावा काय?



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा घातली, तेव्हापासून अशा व्यासपीठांवर मोठमोठे विद्वान बोलून गेले आहेत. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते लेथवर, युनियनच्या कचेरीत आणि कामगार न्यायालयाच्या बाहेरील बाकावर. तेव्हा विद्वत्तेचा आव न आणता, आमच्याकडे खरोखरच आलेला एक प्रश्न आज आपणांपुढे मांडावा असे ठरविले. पत्रिकेवरील विषय वाचून काही मंडळींना हसू आले असेल. कामगारांच्या पुढाऱ्याला पिस्तुलाशी काय कर्तव्य? ते ऐकून मग हसावे.

आमच्या संघटनेत कारखान्यांतील कामगार आहेत तसे रखवालदारही आहेत. त्यांपैकी एक गृहस्थ पूर्वी ओतशाळेत होते. ती बंद पडल्यावर रोकड वाहून नेणाऱ्या गाडीवर रक्षक म्हणून लागले. एका रात्री घरी परतताना त्यांना दोघांनी अडविले आणि बेदम मारले. पुढे खटपट करून त्यांनी स्वसंरक्षणासाठी परवाना काढला आणि कानपूरच्या सरकारी कारखान्यात तयार झालेले पॉइंट बत्तीसचे रिव्हॉल्व्हर घेतले. नेमबाजीच्या मैदानावर गेले, तो चाप इतका जड की ओढता ओढता हात हलावा आणि गोळी भलतीकडे जावी. मग ते आमच्याकडे आले. म्हणाले, "भाऊ, एक मिस्त्री भेटलाय. कानस मारून चाप लोण्यासारखा करून देतो म्हणतो. करून घेऊ का?"

आम्ही आठ दिवसांची मुदत मागून घेतली. त्या आठ दिवसांत जे वाचले, विचारले आणि आठवले, तेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम यंत्र समजून घेऊ. ज्याला आपण चाप म्हणतो त्यावर बोटाने जोर दिला की रिव्हॉल्व्हरमध्ये दोन कामे होतात. आधी मागचा घोडा स्प्रिंगच्या विरुद्ध मागे रेटला जातो, आणि मग तो सुटून काडतुसावर आपटतो. एकाच ओढीत दोन्ही कामे करावयाची म्हणून ती ओढ लांब आणि जड. घोडा आधीच अंगठ्याने मागे ओढून ठेवला, तर उरलेली ओढ अगदी थोडी आणि हलकी असते. घोडा मागे धरून ठेवणारी जी बारीक खाच असते, तिच्या कडेवर सगळा खेळ असतो. मिस्त्री कानस मारतो ती तेथे, नाहीतर स्प्रिंग कापून तिचा जोर कमी करतो.

जे फिटर येथे बसले असतील त्यांच्या मनात पुढचे आलेच असेल. अशा भागाचे पुष्कळदा वरचे कवच तेवढे कठीण केलेले असते, आतला धातू मऊ असतो. कवच कानशीने गेले की मऊ धातू झिजू लागतो. आज लोण्यासारखा वाटणारा चाप उद्या धक्क्यानेही सुटेल. आणि स्प्रिंगचा जोर कमी केला तर घोड्याचा ठोका कमी पडतो, ठोका कमी पडला की काडतूस उडतच नाही. म्हणजे नको तेव्हा सुटेल आणि हवे तेव्हा सुटणार नाही, असे दुहेरी संकट आपण पैसे मोजून घरी आणावयाचे.

परंतु दुसरी बाजू न ऐकता निकाल देणे आमच्या धंद्यात बसत नाही. जड चाप हे निर्भेळ वरदान आहे काय? अमेरिकेत न्यूयॉर्कच्या पोलिसांनी १९९३ च्या सुमारास जुनी रिव्हॉल्व्हरे सोडून नवी पिस्तुले घेतली. ग्लॉक बनावटीच्या या पिस्तुलाचा नेहमीचा चाप साडेपाच पौंडांच्या आसपास जोर दिला की सुटतो. अधिकाऱ्यांना भीती वाटली की घाबरलेल्या शिपायाच्या बोटाने चुकून गोळी सुटेल, म्हणून त्यांनी जवळजवळ बारा पौंडांचा चाप बसवून घेतला. २४ ऑगस्ट २०१२ रोजी एम्पायर स्टेट इमारतीपुढे एका खुनी माणसाने दोन शिपायांवर पिस्तूल रोखले. त्यांनी काही पावलांवरून सोळा गोळ्या झाडल्या. तो मेला, परंतु रस्त्यावरचे नऊ निरपराध लोक पोलिसांच्याच गोळ्यांनी किंवा त्यांच्या तुकड्यांनी जखमी झाले. तेव्हा पुष्कळ जाणत्यांनी या जड चापाकडे बोट दाखविले. आमच्या गृहस्थांची तक्रार खोटी नव्हती, हे यावरून दिसेल.

आता त्याच शहरातील दुसरी गोष्ट ऐका. २० नोव्हेंबर २०१४ च्या रात्री ब्रुकलीनमधील एका चाळवजा इमारतीच्या अंधाऱ्या जिन्यावर एक नवशिका शिपाई पिस्तूल काढून दार उघडीत होता. गोळी सुटली, भिंतीवर आपटून खाली गेली, आणि खालच्या मजल्यावर जिना उतरू पाहणारा अकाई गर्ली नावाचा अठ्ठावीस वर्षांचा निःशस्त्र तरुण प्राणास मुकला. शिपाई म्हणाला, दचकलो आणि गोळी सुटली. खटल्यात ज्यूरीतील लोकांनी ते पिस्तूल हाती घेऊन स्वतः चाप ओढून पाहिला. इतका जड चाप आपोआप कसा ओढला जाईल, असे त्यांना वाटले, आणि २०१६ च्या फेब्रुवारीत त्यांनी त्याला मनुष्यवधाबद्दल दोषी ठरविले. पुढे न्यायाधीशांनी गुन्हा निष्काळजीपणाचा ठरवून तुरुंगाऐवजी पाच वर्षांची देखरेख आणि आठशे तास समाजसेवा ही शिक्षा दिली.

श्रोतेहो, चाप जड असूनही गोळी सुटली, कारण बोट नको तेथे होते. दुसरे असे की न्यायालयाने माणसाच्या मनात काय होते ते ताडण्यासाठी चापाचे वजन पाहिले. चापावर कोणाचा हात फिरला, हा प्रश्न म्हणूनच घरातला राहत नाही, तो साक्षीच्या पिंजऱ्यात येतो.

आपल्याकडे स्वसंरक्षणाचा हक्क पूर्वी भारतीय दंडसंहितेत होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत आला आहे. जो म्हणतो, "मी जीव वाचविण्यासाठी गोळी झाडली", त्याला ती आपण जाणूनबुजून झाडली असे म्हणता आले पाहिजे. त्याचा चाप कानशीने हलका केलेला निघाला, तर सरकारी वकील विचारणार, "झाडली, की आपोआप सुटली?" आपोआप सुटली म्हणावे तर निष्काळजीपणा गळ्यात येतो, झाडली म्हणावे तर विश्वास बसत नाही. शिवाय १९५९ च्या शस्त्र कायद्याचे पाचवे कलम परवान्यावाचून बंदुकीची दुरुस्ती किंवा फेरबदल करण्यास मनाई करते. तो मिस्त्री परवानेवाला नव्हता, हे निराळे सांगावयास नको.

इतके कायदे आम्ही मुखोद्गत का केले, याचे कारण पिस्तुलात नाही. ते एका प्रेसमध्ये आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वी एका लहान कारखान्यात आमची युनियन होती. तेथील प्रेसला दोन बटणे होती. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच प्रेस खाली यावयाचा, म्हणजे हात डायखाली राहूच शकत नसत. परंतु नगावर पैसे मिळत. पोरांनी एका बटणात लाकडाची काडी खुपसून ते दाबलेले ठेवले आणि एका हाताने काम दुप्पट वेगाने काढू लागली. मालक पाहत होता, बोलत नव्हता. आणि आम्हीही पाहत होतो. पगाराच्या दिवशी पोरांची तोंडे हसरी दिसत, ती आम्ही कशाला उतरवावी? एके दिवशी बावीस वर्षांच्या मुलाची तीन बोटे गेली. भरपाई मागावयास गेलो, तेव्हा मालकाच्या वकिलाने १९२३ चा कायदा उघडला. कामगाराने सुरक्षेचे साधन जाणूनबुजून काढले किंवा डावलले, तर मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व सोडून इतर इजेबद्दल मालकावर जबाबदारी नाही, असे त्यात होते. "काडी कोणी घातली?" एवढेच त्याने विचारले. शेवटी मिळावयाचे त्याहून थोडक्यात तडजोड झाली. त्या मुलाने आम्हांला एकदा विचारले, "भाऊ, तुम्हाला काडी ठाऊक होती ना?" आम्ही हो म्हणालो. त्याहून अधिक काही सांगण्याजोगे नव्हते.

म्हणून नवव्या दिवशी आम्ही त्या गृहस्थांना सांगितले, "चापाला हात लावू नका." परंतु नुसते नको म्हणून चालत नाही. त्या पोरांना आम्ही काडी काढा म्हटले असते आणि नगाचा दर तसाच ठेवला असता, तर काडी दुसऱ्या दिवशी पुन्हा आत गेली असती. माणूस सुरक्षेचे साधन मोडतो, तेव्हा त्याला काहीतरी खरोखर टोचत असते. ते शोधले पाहिजे.

आम्ही दोघे परवानेवाल्या दुकानदाराकडे गेलो. त्याने रिव्हॉल्व्हर उघडले, तर आत जुने तेल गोंदासारखे घट्ट झालेले. साफ केल्यावर चाप पुष्कळ सुधारला. तो तयार झाला तेव्हा असेल तेवढाच जड, त्याहून हलका नाही. मूठही त्यांच्या हाताला मोठी होती, ती योग्य मापाची बसविली. मग घरी, खऱ्या गोळ्या दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवून, खोटी काडतुसे घालून, भिंतीकडे तोंड करून, रोज वीस वेळा चाप सावकाश ओढावयाचा, आणि ओढण्याचा निश्चय होईपर्यंत बोट चापाबाहेर ठेवावयाचे. तीन महिन्यांनी मैदानावर पाच-सहा पावलांवर पाचांतल्या चार गोळ्या जागी लागल्या. चाप जड आहे, अशी त्यांची तक्रार आजही आहे.

उरला तो आमचा भाग. हातात हत्यार देऊन माणसाला रात्री रस्त्यावर उभे करणारा मालक सरावाच्या काडतुसांचे पैसे त्याच्याच खिशातून काढावयास लावतो. वर्षात एकदाही मैदान न पाहिलेले रक्षक आम्ही पाहिले आहेत. सरावाचा दिवस कामाचा दिवस धरावा आणि त्याचा खर्च मालकाने सोसावा, ही मागणी आम्ही लावून धरली आहे. एका ठिकाणी सरावाचा दिवस मिळाला, खर्च मिळाला नाही. दुसऱ्या ठिकाणी अजून बोलणी चालू आहेत.

आपणांपैकी कोणाकडे परवान्याचे हत्यार असेल, तर त्याचा चाप ज्याने घडविला त्याच्याच मापाने राहू द्यावा. आणि आपल्या दारावर कोणी रखवालदार बंदूक घेऊन उभा असेल, तर त्याने ती शेवटची केव्हा झाडून पाहिली, हे त्याच्या मालकाला एकदा विचारावे.