दुपटीचा मोह आणि आवडीचा धंदा

दोन महिन्यांपूर्वीं एके रविवारीं सकाळीं माझा भाचा माझ्याकडे आला. मुलगा सुशिक्षित, कचेरींत बऱ्यापैकीं पगारावर, आणि वाचनाचा विलक्षण नादी. चहा होतांच त्यानें खिशांतून एक कागद काढला व म्हणाला, "मामा, आईजवळ बाबांच्या फंडाचे पैसे आहेत. ते अठरा महिन्यांत दुप्पट करून देणारी एक योजना निघाली आहे. त्या पैशांतून मी पुस्तकांचें दुकान काढणार. नोकरींत माझा जीव रमत नाहीं. माणसानें आवडीचें काम करावें, असें तुम्हीच म्हणतां ना?"

मी तसें म्हणतों, हें खरें. परंतु त्या कागदावर माझ्या विधवा बहिणीच्या म्हातारपणाची सारी बेगमी मांडलेली होती. म्हणून त्याला त्या दिवशीं जें सांगितलें, तेंच आज, श्रोतेहो, आपल्यापुढें ठेवतों. कारण असले कागद आज पुष्कळ घरांतून फिरत असतील.

प्रथम दुपटीचा हिशेब पाहूं. अठरा महिन्यांत दुप्पट म्हणजे दरमहा शेंकडा जवळजवळ ४ चक्रवाढ व्याज. याच वेगानें पैसा वाढत गेला, तर १ लाखाचे दहा वर्षांत १ कोटीहून अधिक होतात. असा परीस ज्याच्या हातीं लागला, त्यानें बँकेचें स्वस्त कर्ज काढून स्वतःचेंच घर सोन्यानें भरावें. विधवेच्या दारीं कशाला यावें? अशा योजनेंत पहिल्यांना जें मिळतें, तें बहुधा मागून येणारांच्या ठेवींतून मिळतें. १९२० सालीं अमेरिकेंतील बोस्टन शहरीं चार्ल्स पाँझी नांवाच्या इसमानें पंचेचाळीस दिवसांत शेंकडा पन्नास नफा देऊं केला होता. कांहीं महिने त्यानें तो दिलाहि. पण एकाच्या खिशांतून काढून दुसऱ्याच्या खिशांत घातला, इतकेंच. त्याच वर्षीं ऑगस्टांत सारा डोलारा कोसळला.

परंतु कोणी लबाडी केली तरच माणूस बुडतो, असें नाहीं. आपल्या मुंबईचेंच उदाहरण घ्या. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध जुंपलें. तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसाचे भाव गगनाला भिडले. मुंबईंत पैशाचा पूर लोटला. त्याला वाट हवी, म्हणून बँका निघाल्या, नाना तऱ्हेच्या कंपन्या निघाल्या, समुद्र हटवून जमीन काढणाऱ्याहि निघाल्या. बॅक बे कंपनीच्या ५,००० रुपये भरणा झालेल्या शेअराला ५०,००० पर्यंत भाव आला. आणि ती जमीन तर अद्याप पाण्याखालींच होती! शेअर घेणाऱ्यानें त्या जमिनीवर घर कोण बांधणार, भाडें कोण देणार, हें विचारलें नाहीं. आपल्याहून चढ्या भावानें घेणारा कोणी भेटेल, एवढ्याच भरंवशावर त्यानें पैसे मोजले.

एप्रिल १८६५ मध्यें दक्षिणेचा सेनापति ली शरण गेला व कापूस उतरला. १ जुलै १८६५ रोजीं वायद्यांची मुदत भरली, तेव्हां घेणारे सारेच, देणारा कोणी नाहीं, अशी दशा झाली. बॅक बेचा शेअर पुढें दोन हजारांच्याहि खालीं गेला. प्रेमचंद रायचंदांसारखा कसलेला व्यापारी त्यांत सांपडला. १८६८ सालीं खुद्द मुंबई बँक गुंडाळावी लागली. हीं माणसें मूर्ख नव्हतीं, हें ध्यानांत ठेवावें.

भाचा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बरें, योजना सोडली. पण दुकान? तो तर प्रामाणिक धंदा आहे."

प्रामाणिक खराच. परंतु चूक तीच. त्याच्या कागदावर दुकानाचें नांव होतें, कपाटांचा रंग होता, वाचकांसाठीं ठेवावयाच्या खुर्च्याहि होत्या. नव्हतें तें गिऱ्हाईक. आपल्याला जें आवडतें, तें जगानें विकत घ्यावेंच असा जणूं कायदा आहे, अशी त्याची समजूत दिसली.

दादासाहेब फाळक्यांहून अधिक नाद कोणाला असणार? विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून ते विलायतेस गेले, आणि १९१३ सालीं त्यांनीं 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला. लोकांनीं तो डोक्यावर घेतला. पण भागीदारांशीं त्यांचें जमलें नाहीं. पुढें बोलपटांचें युग आलें, आणि १९४४ सालीं नाशिकांत ते निवर्तले तेव्हां पूर्वीचें वैभव उरलें नव्हतें. कलेंत ते अमर झाले. धंद्यानें मात्र त्यांना साथ दिली नाहीं.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा मार्ग निराळा. त्यांना चित्रकार व्हावयाचें होतें. पण रंग नीट ओळखूं येत नाहींत असें आढळतांच ते यंत्रांकडे वळले. मुंबईंत शिक्षकाची नोकरी संभाळून त्यांनीं भावाच्या साह्यानें बेळगांवीं सायकलींचा व्यापार चालविला. पुढें लोखंडी नांगर तयार केला, तर लोखंडानें जमीन नासते, या समजुतीनें शेतकरी तो घेईना. तो खपूं लागण्यास दोन वर्षें लागलीं. हीं दोन वर्षें त्यांनीं काढलीं, म्हणून १९१० सालीं कुंडलजवळच्या माळावर कारखाना उभा राहिला. नाद दोघांनाहि होता. पण किर्लोस्करांनीं शेतकऱ्याचें 'नको' ऐकून घेतलें आणि तें पचविलें.

म्हणून मीं भाच्याला तीन प्रश्न लिहून दिले. पैसा वाढणार तो कोणाच्या श्रमानें, कोणत्या मालानें? तुझा माल एकदां घेणारा पुन्हां कां येईल? आणि सारें बुडालें, तर आईच्या घरांत चूल पेटेल ना? तिसऱ्याचें उत्तर 'नाहीं' असेल, तर पहिल्या दोहोंचीं उत्तरें कितीहि गोड असोत, कागद फाडून टाकावा.

तो रागावूनच गेला. पण पुढच्या रविवारपासून ओळखीच्या एका पुस्तकविक्रेत्याकडे बिनपगारी उभा राहूं लागला. चार रविवारांनंतर त्यानें मला एक वही दाखविली. आलेल्या प्रत्येक माणसानें काय मागितलें, तें तींत टिपलें होतें. परीक्षेचीं मार्गदर्शकें, पाकशास्त्र, स्तोत्रांचीं पुस्तकें, आणि मुलांसाठीं चित्रांचीं पुस्तकें. त्याच्या आवडत्या कादंबरीकारांची चौकशी चार रविवारांत दोघांनीं केली होती.

"वाईट वाटलें का रे?" मीं विचारलें.

"वाटलें," तो म्हणाला. "पण मुलांचीं पुस्तकें मागणाऱ्या सहाजणींना हवें तें मिळालें नाहीं, हेंहि लिहून ठेवलें आहे."

त्याचें दुकान निघेल कीं नाहीं, कोण जाणे. तो अजून कचेरींत जातो, पगारांतून थोडें बाजूस टाकतो, आणि रविवारीं त्या दुकानांत उभा राहतो. फंडाचे पैसे बँकेंत, त्याच्या आईच्या नांवावर आहेत. ते तेथेंच राहतील, असें त्यानें आपण होऊन तिला सांगितलें.