आपत्ती आणि आपली वस्ती
(धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या समारंभात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आनंदाच्या दिवशी भूकंपासारखा विषय कशासाठी, असे काही ज्येष्ठांनी आम्हांला विचारले. प्रश्न रास्त आहे. परंतु आज येथे जमलेल्या कुटुंबांपैकी कितीतरी कुटुंबांची मुळे लातूर-धाराशिवच्या बाजूची आहेत आणि आपण सर्व राहतो दक्षिण कॅलिफोर्नियात. या दोन्ही भूमी साडेतीन महिन्यांच्या अंतराने, आणि दोन्ही वेळा पहाटे, माणसे अंथरुणात असताना हादरल्या. या दोन पहाटा शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात, एवढाच आमचा हेतू आहे.

पहिली पहाट 30 सप्टेंबर 1993 ची. आदल्या रात्री गणेश विसर्जन झालेले, माणसे उशिरा निजलेली. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीच्या परिसरात 6.2 तीव्रतेचा धक्का बसला. आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसे गेली. दुसरी पहाट 17 जानेवारी 1994 ची, डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीनिमित्तची येथील सुट्टी होती. 4 वाजून 31 मिनिटांनी नॉर्थरिजला 6.7 तीव्रतेचा भूकंप झाला. तीव्रतेतील हा अर्ध्या अंकाचा फरक ऐकावयास किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात नॉर्थरिजच्या धक्क्यात किल्लारीच्या पाचपटींहून अधिक ऊर्जा होती. शिवाय तो महानगराच्या पोटाखाली झाला. मृत्यू मात्र सुमारे साठ.

पाचपट मोठा धक्का आणि शंभराहून अधिक पटींनी कमी मृत्यू, हे कसे घडले? दैव, कोप, ग्रहमान ही उत्तरे आपण 1956 सालीच नागपूरच्या दीक्षाभूमीवर सोडून आलो आहोत. तेव्हा कारण शोधले पाहिजे, आणि ते भिंतीत सापडते.

मराठवाड्यातील माळवदाचे घर आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. दोन-अडीच फूट जाडीची, कोठे त्याहूनही जाड, दगडमातीची भिंत. बाहेरून ती एकसंध दिसते, पण असते दोन पदरांची: एक पदर आतला, एक बाहेरचा, आणि मध्ये दगडांचे तुकडे व माती. दोन्ही पदरांना शिवून टाकणारा आरपार लांब दगड बहुतेक घरांत नव्हता. वर लाकडी तुळयांवर मातीचे छत. पावसाळ्याआधी गळती थांबावी म्हणून दरवर्षी त्यावर नवी माती पडे, आणि पिढ्यान्पिढ्या छत जड होत जाई. आजोबांनी घर जपण्यासाठी केलेली मेहनतच नातवाच्या डोक्यावरचे ओझे झाली. धक्का बसताच भिंतीचे दोन पदर सुटे झाले आणि दगड, माती, छत सर्व खाली आले. खणाच्या कित्येक घरांत लाकडाचा सांगाडा उभा राहिला, भोवतालच्या भिंती मात्र कोसळल्या.

कोणी म्हणेल, तेथे भूकंप होईल हे कोणाला ठाऊक होते? देशाच्या तेव्हाच्या नकाशावर हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता, हे खरे. 2002 साली तो तिसऱ्या विभागात आला. पण नकाशाला ठाऊक नव्हते ते गावाला ठाऊक होते. 1992 साली किल्लारीला लहान धक्के बसत होते, लोक घाबरून घराबाहेर निजत होते. धक्के थांबले आणि माणसे पुन्हा त्याच भिंतींच्या आत गेली. दुसरे घर होते कोणाकडे?

कॅलिफोर्नियातील माणूस काही अधिक शहाणा जन्मतो असे नाही. 1933 साली लाँग बीचच्या भूकंपात शाळा कोसळल्या. धक्का संध्याकाळी बसला म्हणून मुले वाचली. त्यानंतर महिन्याभरात शाळांच्या बांधकामाचा कडक कायदा झाला. 1971 साली सॅन फर्नांडोत रुग्णालये पडली, तेव्हा रुग्णालयांसाठी कायदा झाला. नॉर्थरिजला, खाली मोटारी ठेवण्याची मोकळी जागा आणि वर सदनिका अशा एका इमारतीत 16 जण दबले. तशा लाकडी इमारती बळकट करण्याची सक्ती लॉस एंजेलिस शहराने 2015 साली केली. एकवीस वर्षे लागली! तेव्हा येथील सरकारचेही फार कौतुक नको. पण मृत्यूचे कारण नोंदवावयाचे आणि त्याचा नियम करावयाचा, ही सवय शिकण्यासारखी आहे.

आता आपल्या वस्तीकडे येऊ. किल्लारीत एक विपरीत गोष्ट दिसली. दगडी वाड्यांनी माणसे मारली. कुडाच्या, गवताच्या, पत्र्याच्या हलक्या झोपड्यांनी तितकी मारली नाहीत. ज्यांना पिढ्यान्पिढ्या गावकुसाबाहेर ठेवले, ज्यांना दगडी घर परवडले नाही, त्यांच्यातील अनेक जण या एका पहाटे त्यामुळेच वाचले. यात काही जणांनी नियतीचा न्याय पाहिला. आम्हांला ते मान्य नाही. शेजाऱ्याच्या मुलाच्या मृत्यूत न्याय शोधणे करुणेच्या शिकवणुकीत बसत नाही. आणि तीच झोपडी नदीकाठी असली तर पुरात पहिली जाते, चक्रीवादळात पहिली उडते.

खरा भेद दिसला तो पुनर्वसनात. नव्या गावांत घराचा आकार जमिनीवर ठरला. भूमिहीनाला आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्याला 250 चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत 400, त्याहून अधिक असणाऱ्याला 750. ज्याच्याकडे होते त्याचे नुकसान मोठे, म्हणून भरपाई मोठी, असा हा हिशेब. कागदावर तो निर्दोष दिसतो. परंतु पाच माणसांचे भूमिहीन कुटुंब आणि पाच माणसांचे बागायतदार कुटुंब यांना निजावयास जागा सारखीच लागते. शतकानुशतके जमीन कोणाला मिळू दिली नाही, हे त्या हिशेबाने विचारलेच नाही. डिसेंबर 2004 च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत हाच प्रश्न अधिक उघडा झाला. निवारा छावणीत आणि पाण्याच्या टाकीवर दलितांना अडविल्याच्या नोंदी झाल्या. ज्याची होडी बुडाली त्याची गणना झाली, ज्याची मजुरी बुडाली तो यादीबाहेर राहिला.

म्हणून आम्ही म्हणतो की धरणी हलणे हा धोका, आणि तिचे हलणे पेलू न शकणाऱ्या घरात, यादीत नाव नसलेल्या अवस्थेत माणसाला राहावे लागणे ही आपत्तीची तयारी. ती तयारी वर्षानुवर्षे चाललेली असते, आणि ती माणसे करतात.

येथे आपल्याच कारभाराविषयी थोडे बोलले पाहिजे. 1993 साली आपण काही कुटुंबांनी मिळून कपडे, ब्लँकेटे, चादरी गोळा केल्या. तीन शनिवार आमच्या गॅरेजमध्ये खोकी बांधण्याचे काम चालले. किती समाधान वाटले होते! चार-पाच महिन्यांनी औसा तालुक्यातील एका नातलगाचे पत्र आले. त्यांनी लिहिले होते की, दादा, कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला पावसात भिजले. येथे नाव यादीत घालून घेण्यासाठी तालुक्याला खेटे घालणारा माणूस हवा आहे. ते पत्र आम्ही जपून ठेवले आहे. नंतरही, खरे सांगावयाचे तर, आम्ही पुष्कळ वर्षे ब्लँकेटेच पाठवीत राहिलो. गुजरात 2001, मुंबई 2005, प्रत्येक वेळी.

बाबासाहेबांनी हा प्रश्न वेगळ्या रीतीने हाताळला होता. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूरमंत्री असताना, 1943 साली दामोदर नदीला महापूर आला. पूर ओसरल्यावर बांध दुरुस्त करावा आणि पुढच्या पुराची वाट पाहावी, ही जुनी रीत होती. 3 जानेवारी 1945 रोजी कलकत्त्याला आणि 8 नोव्हेंबर 1945 रोजी कटकला झालेल्या परिषदांत त्यांनी निराळी मांडणी केली: जादा पाणी हे केवळ संकट नव्हे, ती संपत्ती आहे, तिला साठवा, त्यातून सिंचन, वीज, जलवाहतूक साधा, म्हणजे पूरही आटोक्यात येईल. त्यातूनच पुढे 1948 साली दामोदर खोरे महामंडळ उभे राहिले. या धरणांनी आदिवासींना विस्थापित केले, हा त्या कथेचा दुसरा भाग. तोही आपण विसरता कामा नये. पण मुद्दा हा की पूर येण्याआधीच त्याचा विचार करणे हे बाबासाहेबांनी राज्याचे कर्तव्य मानले.

आणि राज्य येईपर्यंत काय? किल्लारीत पहिल्या तासांत ढिगारे उपसले ते शेजाऱ्यांनी, हातांनी. 1985 च्या मेक्सिको सिटीच्या भूकंपातही तसेच झाले. तेथे स्वयंसेवकांनी सुमारे आठशे माणसे वाचविली, पण प्रशिक्षण नसल्याने सुमारे शंभर स्वयंसेवक स्वतः प्राणास मुकले, असे येथे शिकविले जाते. त्यावरून धडा घेऊन लॉस एंजेलिसच्या अग्निशमन दलाने नागरिकांना शिकविण्याचे वर्ग सुरू केले. आपल्याच मराठवाड्यात त्याहून मोठे काम बायकांनी केले. भूकंपानंतर हजाराहून अधिक गावांत पडझड झालेली घरे मालकांनीच दुरुस्त करावयाची होती. प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या साहाय्याने गावोगावच्या स्त्रिया संवाद सहायक झाल्या. भिंतीत आरपार दगड कसा बसवावा, दारा-खिडक्यांच्या वरून घराभोवती सलग पट्टा कसा फिरवावा, छतावरची माती किती उतरवावी, हे त्यांनी शिकून घेतले आणि गवंड्याला जाब विचारू लागल्या. 2001 नंतर याच स्त्रिया कच्छला गेल्या, तेथील बायकांना सांगावयास.

तेव्हा कार्यकारिणीपुढे आम्ही एक प्रस्ताव ठेवला आहे, त्यावर आज चर्चा व्हावी. आपत्तिनिधीचा निम्मा भाग यापुढे आपत्तीपूर्वीच खर्च व्हावा. गावी विहारासाठी वा समाजमंदिरासाठी देणगी पाठविण्याआधी आपण एकच प्रश्न विचारावा: पाया, कोपरे आणि पट्टा कोणत्या अभियंत्याने तपासला? संगमरवरी फरशी मागाहूनही बसेल. पुरात आणि वादळात वस्ती ज्या छपराखाली धावते ते छप्पर पडता कामा नये. दुसरे, ज्यांची घरे गायरानावर आहेत, ज्यांच्या घराचा ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये उतारा निघत नाही, त्यांच्या कागदांसाठी वकिलाचा खर्च द्यावा. ब्लँकेटाइतके हे काम छायाचित्रात चांगले दिसणार नाही, याची आम्हांला कल्पना आहे.

मुलांनो, तुमच्या शाळेत ऑक्टोबरच्या तिसऱ्या गुरुवारी जो सराव होतो, खाली बसा, आडोसा घ्या, घट्ट धरा, तो तुम्ही आम्हा मोठ्यांना आता करून दाखवावयाचा आहे. मात्र रात्री गावी फोन करून आजीला हेच सांगू नका. जड मातीच्या छताखाली टेबल वाचवीत नाही. आजीला विचारा की तिच्या छतावर माती किती आहे, आणि ती निजते त्या भिंतीला भेग आहे का. उत्तर लिहून आणा. पुढच्या रविवारी आपण त्या उत्तरांची यादी करू.

आता टेबलांजवळ या. भोजनाची भांडी जरा बाजूला घ्यावीत, ही भगिनींना आणि बंधूंनाही विनंती.