दोन सारखी काडतुसे

अमेरिकेतील शिकारी आणि दूरचे लक्ष्य वेधणारे नेमबाज ज्या दोन काडतुसांवरून हुज्जत घालतात, त्यांच्या गोळीचा व्यास एकच आहे, ६.७ मिलिमीटर. ‘.२६० रेमिंग्टन’ १९९७ साली आले, ‘६.५ क्रीडमूर’ २००७ साली. पहिल्याचे पितळी कवच सुमारे ५२ मिलिमीटर लांब, दुसऱ्याचे ४९. साऱ्या वादाचे मूळ या तीन मिलिमीटरांत आहे. कवच आखूड असल्यामुळे लांब, निमुळती गोळी बसवूनही क्रीडमूरचे काडतूस मॅगझिनमध्ये मावते. आणि अशी गोळी वाऱ्याने कमी ढळते. दोनशे यार्डांवरील हरणाला मात्र हा भेद कळत नाही. तेथे नेम ढळला, तर दोन्ही काडतुसे त्या मुक्या जीवाला सारखेच घायाळ करून झाडीत पाठवितात. बंदुकीत मात्र नळीवर कोरलेल्या नावाचेच काडतूस भरावे. एकाच्या जागी दुसरे चालत नाही.