रक्त पातळ करणारी गोळी आणि पहिले दहा दिवस

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या संमेलनात गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार, हिशेबाचे वाचन आणि वधूवर सूचीचे प्रकाशन हे कार्यक्रम दरवर्षी होतात. त्यांच्या जोडीला यंदा आरोग्यविषयक एक व्याख्यान असावे, अशी कार्यकारी मंडळाने इच्छा दर्शविली आणि ते काम मजकडे सोपविले, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. मधुमेह आणि रक्तदाब यांविषयी आपण वर्तमानपत्रांतून पुष्कळ वाचता. परंतु आपल्यापैकी कित्येक घरांत रोज सायंकाळी एक लहानशी गोळी घेतली जाते, आणि तिच्याविषयी घरच्या माणसांना फारच थोडे ठाऊक असते. लोक तिला ‘रक्त पातळ करणारी गोळी’ म्हणतात. वस्तुतः तिने रक्त पातळ होत नाही. त्याची गोठण्याची शक्ती कमी होते. वॉर्फरिन आणि ॲसिनोकुमॅरॉल ही या वर्गातील प्रमुख औषधे होत. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून घेतलेले हे औषध क्वचित प्रसंगी आरंभीच्या काही दिवसांत स्वतःच गुठळ्या उत्पन्न करिते आणि त्यामुळे त्वचा व तिच्याखालील मेद मृत होऊन काळे पडतात. हा विलक्षण प्रकार कसा घडतो आणि त्याबाबत कुटुंबाचे कर्तव्य काय, हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम या औषधाचा जन्मवृत्तांत सांगतो. कारण तो आपल्या शेतकरी कुटुंबांना विशेष जवळचा वाटेल. १९२० नंतरच्या काळात कॅनडा आणि उत्तर अमेरिकेतील गुरांमध्ये एक चमत्कारिक रोग पसरला. शिंगे कापली किंवा खच्ची केले, की जनावराचा रक्तस्राव थांबत नसे आणि ते दगावत असे. कॅनडातील पशुवैद्य फ्रँक स्कोफील्ड यांनी असे दाखवून दिले, की स्वीट क्लोव्हर नावाचा, आपल्या लसूणघासाच्या कुळातील चारा ओला राहून बुरसला म्हणजे हा रोग होतो. पुढे १९३३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या विस्कॉन्सिन प्रांतातील एक शेतकरी मेलेली कालवड, डबाभर न गोठलेले रक्त आणि बुरसलेला चारा गाडीत घालून, हिमवादळातून सुमारे १९० मैल प्रवास करून मॅडिसन येथे कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेत पोहोचला. लिंक आणि त्यांचे सहकारी सहा वर्षे त्या चाऱ्याच्या मागे लागले. १९३९ मध्ये त्यांनी त्यातील दोषी द्रव्य वेगळे केले, तेच डायकुमॅरॉल. याच वर्गातील वॉर्फरिन १९४८ मध्ये उंदीर मारण्याचे औषध म्हणून बाजारात आले आणि १९५४ मध्ये माणसांच्या उपचारासाठी त्यास मान्यता मिळाली. १९५५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा त्यांनाही हेच औषध देण्यात आले.

‘हे तर उंदराचे विष’ असे कोणी म्हटले की घरातील मंडळी घाबरतात. पण औषध आणि विष यांतील अंतर पुष्कळदा मात्रेचे असते, हे आपल्या पूर्वजांनाही ठाऊक होते. आपल्या देशात या औषधाची गरज मोठी आहे. लहानपणी घसा सुजून मागाहून येणाऱ्या संधिवाती ज्वराने हृदयाच्या झडपा खराब होतात आणि पुढे कित्येकांना कृत्रिम झडप बसवावी लागते. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाळ संस्थेत तयार झालेली स्वदेशी झडप १९९० मध्ये प्रथम रुग्णास बसविण्यात आली, ही अभिमानाची गोष्ट आहे. मात्र अशी यांत्रिक झडप बसविल्यावर तिच्यावर गुठळी धरू नये म्हणून ही गोळी जन्मभर घ्यावी लागते. अलीकडे गुठळीवर नवी औषधे आली आहेत. तथापि यांत्रिक झडपेच्या रुग्णांस ती चालत नाहीत. संधिवाती ज्वराने झडपा बिघडून ज्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित झाले आहेत, अशांसाठीही जुनेच औषध सरस ठरते, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय पाहणीत दिसून आले. सबब ही जुनी गोळी आपल्या घरांतून इतक्यात जाणार नाही.

आता मूळ विषयाकडे वळतो. आपल्या यकृतात रक्त गोठविणारे अनेक घटक तयार होतात. त्यांपैकी चार, म्हणजे दुसरा, सातवा, नववा आणि दहावा, हे ‘के’ जीवनसत्त्वाच्या साहाय्यानेच कार्यक्षम होतात. वॉर्फरिन त्या जीवनसत्त्वाचे काम अडविते. परंतु निसर्गाने गोठविणाऱ्या घटकांच्या जोडीला त्यांना आवर घालणारी प्रथिनेही निर्माण केली आहेत. त्यांतील एक महत्त्वाचे म्हणजे प्रोटीन सी. स्टेनफ्लो या स्वीडिश शास्त्रज्ञाने १९७६ मध्ये ते गोवंशाच्या रक्तातून वेगळे केले. हे रक्षक प्रथिनही ‘के’ जीवनसत्त्वावरच अवलंबून असते. म्हणून गोळी सुरू होताच मारक आणि तारक अशा दोघांचेही उत्पादन एकाच वेळी खंडित होते.

अडचण उत्पन्न होते ती शिलकीच्या फरकामुळे. घरात दोन कणग्या आहेत आणि दोहोंत नवे धान्य येणे एकाच दिवशी बंद झाले, तर जिच्यातून उपसा अधिक, ती आधी रिकामी होते. प्रोटीन सी रक्तात फार काळ टिकत नाही; त्याचा निम्मा साठा सुमारे आठ तासांत संपतो. गोठविणाऱ्यांपैकी सातवा घटकही असाच अल्पजीवी आहे. परंतु ज्याच्यावर गुठळी होणे मुख्यतः अवलंबून असते, त्या दुसऱ्या घटकाचा निम्मा साठा संपण्यास सुमारे साठ तास, म्हणजे अडीच दिवस लागतात. मधल्या काळात रक्षक निघून गेलेला असतो आणि गोठविणारा मात्र ठाण मांडून बसलेला असतो. बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत हा काळ काही अपाय न होता निघून जातो. काहींच्या त्वचेतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांत मात्र गुठळ्या होतात आणि तेथील पेशीसमूह रक्तावाचून मरतात.

येथे आणखी एक फसगत आहे. औषधाचा परिणाम मोजण्यासाठी ‘आयएनआर’ नावाची तपासणी करितात. निरोगी माणसाचा हा आकडा एकच्या आसपास असतो आणि पुष्कळ रुग्णांत तो दोन ते तीन यांच्या दरम्यान राखावयाचा असतो. आरंभी सातवा घटक झपाट्याने कमी झाल्याने आकडा लवकर चढतो. ‘दुसऱ्या तिसऱ्या दिवशीच आकडा आला, आता इंजेक्शने कशाला?’ असे नातेवाईक विचारतात. परंतु दुसरा घटक अद्याप शिल्लक असल्याने खरे संरक्षण अजून लाभलेले नसते. म्हणूनच ताजी गुठळी झालेल्या रुग्णास गोळीबरोबर हेपॅरिनची इंजेक्शने किमान पाच दिवस, आणि आकडा दोनच्या वर जाऊन एक दिवस टिकेपर्यंत, चालू ठेवितात. आरंभी भारी मात्रा न देता गोळी बेताने सुरू करणे, हाही याच सावधगिरीचा भाग होय. खर्च वाचविण्यासाठी किंवा घरी लवकर जाण्यासाठी ही इंजेक्शने मध्येच बंद करण्याचा आग्रह कोणीही डॉक्टरांकडे धरू नये.

या विकाराचा औषधाशी असलेला संबंध १९५४ मध्ये व्हेरहागेन यांनी स्पष्ट केला. तो विरळा आहे; औषध घेणाऱ्या हजार ते दहा हजार जणांमागे एखाद्यासच तो होतो. परंतु ज्यास होतो, त्याच्या दृष्टीने आकडेवारीचे समाधान काय कामाचे! बहुधा तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या सुमारास, आणि बहुतेक वेळा पहिल्या दहा दिवसांत, शरीरावर एखाद्या ठिकाणी अकस्मात तीव्र वेदना सुरू होतात. जेथे मेद अधिक, म्हणजे स्तन, मांड्या, नितंब आणि पोट, अशा जागी हे विशेषेकरून घडते. मध्यम वयाच्या स्थूल स्त्रियांत त्याचे प्रमाण अधिक आढळते; पुरुषांत क्वचित गुह्यभागीही होते. प्रथम लाली, मग निळसर काळा डाग, त्यावर फोड आणि शेवटी काळी कडक खपली, असा हा क्रम एकदोन दिवसांतच पुरा होतो. पुढे मृत भाग काढून टाकून त्वचारोपण करावे लागते, आणि क्वचित अवयवही गमवावा लागतो.

भगिनींना माझी येथे विशेष विनंती आहे. जागा संकोचाची असल्यामुळे आपल्याकडील स्त्रिया डॉक्टरांना दाखविण्याचे टाळतात. हळद लावितात, शेक घेतात आणि ‘सकाळी पाहू’ म्हणतात. या विकारात ती एक रात्र फार महाग पडते. गोळी सुरू झाल्यापासून पहिल्या दहा दिवसांत अशी वेदना किंवा डाग दिसताच, दिवस असो की रात्र, रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे आणि गोळी कोणत्या दिवशी सुरू केली ते प्रथम सांगावे. तेथे ती गोळी थांबवून ‘के’ जीवनसत्त्व देतात. प्रोटीन सीची उणीव भरून काढण्यासाठी रक्तद्रव किंवा उपलब्ध असल्यास शुद्ध प्रोटीन सी देतात, आणि गुठळ्या आवरण्यासाठी हेपॅरिन सुरू करितात.

आता ज्ञातिसंस्थेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग. हा विकार होणाऱ्यांपैकी अनेकांच्या अंगी प्रोटीन सीची जन्मजात उणीव असते. ही उणीव आनुवंशिक असते, असे १९८१ मध्ये अमेरिकेत ग्रिफिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका कुटुंबाच्या अभ्यासावरून दाखवून दिले. मातापित्यांपैकी एकात ती असेल, तर प्रत्येक अपत्यात ती उतरण्याचा संभव निम्मा असतो. पाश्चात्त्य देशांतील रक्तदात्यांच्या पाहणीत दोनशे ते पाचशे व्यक्तींमागे एकात ती आढळली. यांपैकी बहुतेकांना जन्मभर कसलाही त्रास होत नाही. परंतु दोन्हीकडून हे दोषबीज आले, तर मूल जन्मल्यावर काही तासांत वा दिवसांत त्याची त्वचा ठिकठिकाणी अशीच काळी पडू लागते आणि त्याचा प्राण संकटात येतो. आपल्या समाजात मामाच्या मुलीशी विवाह करण्याची चाल अनेक घराण्यांत होती, काहींत अद्यापही आहे. एकाच आजोबांकडून एकच दोषबीज वधू आणि वर या दोघांकडे येण्याचा संभव अशा विवाहात वाढतो, हे ध्यानात घेतले पाहिजे.

आपण सोयरीक जुळविताना कूळ पाहतो, देवक पाहतो, सात पिढ्यांची वंशावळ सांगतो. परंतु त्याच वंशावळीत एखाद्या काकांच्या पायात पस्तिसाव्या वर्षी गुठळी झाली, एखादी आत्या बाळंतपणानंतर फुप्फुसात गुठळी जाऊन अकस्मात वारली, ही माहिती कोणी नोंदवीत नाही. किंबहुना ‘मुलीच्या लग्नाला बाध येईल’ म्हणून ती दडविली जाते. दडविलेली ही माहिती पुढे डॉक्टरांपासूनही दडून राहते, आणि त्याच घरातील मुलीस गोळी सुरू करावयाची वेळ येते तेव्हा, सावध करील असे कोणीच उरत नाही. अशी उणीव असणे हा ना कलंक, ना विवाहास अडथळा. ती ठाऊक असली म्हणजे उपचार जपून करिता येतात, एवढाच तिचा अर्थ. सबब माझी मंडळास अशी सूचना आहे, की प्रत्येक कुटुंबाने आपल्या घरच्या वहीत वंशावळीशेजारी मोठ्या आजारांची एक नोंद ठेवावी. ती मंडळाच्या सूचीत छापू नये, चारचौघांत वाचू नये. मात्र डॉक्टरांपुढे ती उघडण्यास कोणी संकोच करू नये. ज्यांच्या घरात कमी वयात गुठळ्या झाल्या असतील, त्यांनी तपासणीविषयी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. गोळी चालू असताना किंवा गुठळी ताजी असताना प्रोटीन सीची तपासणी विश्वसनीय ठरत नाही, म्हणून तिची वेळ डॉक्टरांनीच ठरवावयाची असते.

शेवटी एक इशारा देणे मला अगत्याचे वाटते. माझे भाषण ऐकून कोणीही घरी जाऊन आपली गोळी बंद करू नये. ज्यांना ती महिनोन्‌महिने मानवली आहे, त्यांना आजच्या विषयाची धास्ती बाळगण्याचे सहसा कारण नाही. उलट ती सोडल्यास झडपेवर गुठळी धरण्याचे भय मोठे आहे. गोळी रोज ठरलेल्या वेळी घ्यावी, एखाद्या दिवशी चुकली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये. पालक, मेथी यांसारख्या पालेभाज्यांत ‘के’ जीवनसत्त्व विपुल असते. त्या वर्ज्य करण्याचे कारण नाही, पण त्यांचे प्रमाण रोज साधारण सारखे असावे. वेदनाशामक गोळ्या, काढे किंवा शेजाऱ्याने सुचविलेली औषधे डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नयेत आणि ठरलेल्या दिवशी तपासणी चुकवू नये.

बुरसलेल्या चाऱ्यातून निघालेल्या या द्रव्याने आजवर असंख्य माणसांचे प्राण राखले आहेत. त्याच्या पहिल्या दहा दिवसांवर घरातील एखाद्या माणसाने डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेविले, तर त्याचा हा क्रूर अपवादही पुष्कळ अंशी टाळता किंवा आटोक्यात ठेविता येईल.