आमच्या बेटावरच्या सहलीची तयारी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषण करण्याची मला सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंत, आणि आजवर मी मंडळात बोलले ती फार तर पापडाच्या पिठाबद्दल. पण अध्यक्षाबाईंनी आग्रहच धरला की, "तुमच्या परदेशच्या सहलीची हकिकत सांगाच." मी म्हटले, अहो, अजून गेलेच नाही! तर त्या म्हणाल्या, "तयारीचीच सांगा." म्हणून उभी राहिले. चुकले तर सांभाळून घ्या.

आमच्या वन्सं तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहेत. तेविसाव्या वर्षी त्या माहेरी परत आल्या, आणि तेव्हापासून आमच्या घरातले प्रत्येक बाळंतपण, प्रत्येक आजारपण त्यांनी काढले. आज त्यांना बावन्नावे चालू आहे. पंढरपूर आणि मुक्ताईनगर सोडले, तर भुसावळच्या बाहेर त्या कुठे गेल्याच नाहीत. दोन वर्षांपूर्वी एकदा शेंगा फोडता फोडता म्हणाल्या, "वहिनी, मी समुद्र काही पाहिला नाही हो." एवढेच म्हणाल्या आणि उठून गेल्या. त्या दिवसापासून भिशीचे आणि पापडाचे पैसे मी वेगळ्या डब्यात टाकू लागले.

समुद्र तर मुंबईलाही आहे, मग थायलंडच का, असे मला पुष्कळजणींनी विचारले. काहींनी तर, "विधवा नणंदेला घेऊन काशीला जायचे सोडून हे काय?" असेही विचारले. त्याचे उत्तर तापीत आहे. थायलंडच्या दक्षिणेला सुरत थानी नावाचा प्रांत आहे. १९१५ साली तिथल्या वजिरावुध राजाने त्या गावाला आपल्या तापीकाठच्या सुरतेवरून हे नाव दिले आणि तिथल्या नदीचे नाव ठेवले तापी! ती नदी जिथे समुद्राला मिळते, त्याच आखातात कोह सामुई नावाचे बेट आहे. हे मी वन्संना सांगितले, तेव्हा त्या कितीतरी वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे तिथेही आपलीच तापी." ठरले, म्हटले, हेच बेट.

आता माझी चूक सांगते. ती सांगण्यासाठीच खरे तर मी उभी राहिले आहे.

श्रावणात एका सहलवाल्याने जाहिरात केली, "दिवाळीनंतर बेटावर चला, निम्म्या भावात." मी कोणालाही न विचारता दहा हजार रुपये आगाऊ भरले. घरी सांगितले नाही, कारण सगळ्यांना एकदम चकित करायचे होते. पुढे एका दुपारी मुलाच्या फोनवर त्या बेटाचे हवामान पाहिले आणि माझ्या पोटात गोळाच आला. सामुईला सर्वांत जास्त पाऊस पडतो तो नोव्हेंबरातच!

त्यातले इंगित असे. थायलंडच्या पश्चिमेला, अंदमानच्या समुद्रात फुकेत हे बेट आहे. तिथला पावसाळा आपल्यासारखाच, साधारण मे ते ऑक्टोबर. सामुई मात्र पूर्वेच्या आखातात, म्हणून तिथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, जसा आपल्याकडे मद्रासकडे पडतो तसा. एकच देश, पण दोन किनाऱ्यांचे दोन पावसाळे. स्वस्त का होते ते तेव्हा कळले. पैसे परत मागितले, तेव्हा चार हजार कापून सहा हजार हाती आले. चार हजार म्हणजे किती पापड लाटावे लागतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

दोन महिने ही गोष्ट मी मनात ठेवली. जेवण गोड लागेना. शेवटी एका रात्री आमच्या ह्यांना सांगितले. वाटले होते, आता ऐकून घ्यावे लागणार. पण हे एवढेच म्हणाले, "पैसे गेले त्याचे एवढे नाही, पण लपवलेस कशाला? आता नीट वही घाल." रेल्वेतला माणूस! दुसऱ्या दिवशी दोनशे पानी वही आणून दिली. त्या वहीतले थोडे तुमच्या उपयोगाचे सांगते.

पहिले पान पासपोर्टचे. जन्मतारखेचा पुरावा म्हणून माझा सातवीचा शाळा सोडल्याचा दाखला चालला. ज्या दाखल्याची मला आयुष्यभर लाज वाटली, त्यानेच मला परदेशचे दार उघडून दिले.

दुसरे पान नियमांचे. व्हिसाचे नियम गेल्या काही वर्षांत पुष्कळदा बदलले आहेत, म्हणून तिकिटाआधी सरकारी पानावरच पाहावे, कोणाच्या सांगण्यावर जाऊ नये. १ मे २०२५ पासून तिथे पोचण्याआधी तीन दिवसांत एक पत्रक फोनवर भरावे लागते. त्याला पैसे पडत नाहीत. कोणी मागितले तर तो ठक समजावा.

तिसरे पान जेवणाचे. वन्सं माळकरी, आणि तिथे पुष्कळ पदार्थांत, भाजीतसुद्धा, माशाचे पाणी घालतात. पण पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात 'जे' लिहिलेले असते, तिथे मांस, मासे, अंडी नाहीत, कांदा-लसूणही नाही. ते अक्षर इंग्रजी सतराच्या आकड्यासारखे दिसते, असे वन्संना शिकवून ठेवले आहे. शिवाय दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर आहेच.

चौथे पान समुद्राचे. लाल निशाण दिसले की पाण्यात उतरायचे नाही. वन्संनी सुनामीचे विचारले. २६ डिसेंबर २००४ ची ती लाट फुकेतच्या बाजूला आली होती, सामुईच्या बाजूला नाही, हे मी त्यांना नकाशावर दाखवले, तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला.

भाषेचे तर एक गंमतीचेच पान आहे. तिथे भेटल्यावर हात जोडून 'सवात्दी' म्हणतात, म्हणजे आपले 'स्वस्ति'च. बायकांनी आदरासाठी पुढे 'खा' जोडायचे. वन्सं म्हणाल्या, "काय बाई लोक तरी, नमस्कारातच जेवायला बसवतात!"

आता बेत असा. फेब्रुवारीत, आकाश निवळल्यावर, आम्ही दोघीच जाणार. मुंबईहून विमानाने बँकॉक, तिथून रात्रीच्या आगगाडीने सुरत थानी, आणि मग बोटीने बेट. विमान थेट बेटावरही उतरते, पण त्याचे भाडे जास्त, आणि वन्संना वाटेत तापी पाहायची आहे. आपल्या तापीचे पाणी एका लहान बाटलीत भरून त्या तापीत सोडायचे, असे त्यांनी परवा मला हळूच सांगितले.

लोक काय म्हणतील, ही भीती मलाही होती. आता वाटते, तीस वर्षे ज्या बाईने आमचे घर सांभाळले, तिने एकदा तोंड उघडून काही मागितले, ते ऐकले नसते तर ते पाप कोणत्या काशीला फिटले असते?

भगिनींनो, माझे चार हजार गेले, तुमचे जाऊ नयेत. पैसे भरण्याआधी पाऊस पाहा, आणि घरच्यांपासून काही लपवू नका. परत आल्यावर पुढच्या वर्षी उरलेली हकिकत सांगेन, आणि ती वन्संच्याच तोंडून ऐकवेन.