फुलकिड्यांचा बंदोबस्त



 या परिषदेच्या अध्यक्षस्थानावरून, ज्याची लांबी जेमतेम एक-दीड मिलिमीटर, परंतु निफाडपासून खेड-जुन्नरपर्यंतच्या कांदा-उत्पादकाचा हंगामाचा जमाखर्च जो उलथून टाकतो, त्या फुलकिड्याविषयीच मी बोलणार आहे.

दर आठवड्याला वार ठरवून, बहुधा एकाच गटातील औषध फवारण्याचा जो शिरस्ता आपल्याकडे रूढ झाला आहे, तो या किडीच्या आयुष्यक्रमाशी सर्वस्वी विसंगत आहे असे माझे स्पष्ट मत आहे. मादी आपली अंडी पातीच्या आत खुपसून ठेवते, पिले गाभ्याच्या बेचक्यात दडून पात खरवडून रस शोषतात, आणि कोषावस्था बहुतांशी मातीत पार पडते. म्हणजे पातीवर चंदेरी चट्टे पाहून आपण पंप उचलतो तेव्हा शत्रूचा मोठा भाग फवाऱ्याच्या अमलाबाहेरच असतो. उष्ण व कोरड्या हवेत दोन-तीन आठवड्यांत नवी पिढी उभी राहते, आणि कांद्यावरील जातीच्या मादीला तर प्रजोत्पादनासाठी बहुधा नराचीही आवश्यकता नसते. अशा स्थितीत औषधातून वाचलेल्या मोजक्या किडींचीच संतती शेत व्यापते, आणि तेच औषध पुढे निष्प्रभ ठरते.

फुलकिडे किती झपाट्याने हाहाकार माजवतात याचा दाखला मिरचीने दिला. आग्नेय आशियातील फुलकिड्याची एक जात 2015 साली बंगळूर येथे पपईवर आढळल्याची नोंद झाली, आणि 2021 साली तिने आंध्र व तेलंगणातील मिरचीच्या फुलोऱ्याचा विध्वंस केला. शिवाय तीव्र औषधांच्या माऱ्यात किडींना खाणारे मित्रकीटकही बळी पडतात, ही हानी आपल्या हिशेबाच्या वहीत कधी चढतच नाही.

हरितगृहाची गोष्ट याहून बिकट आहे. तेथे किडीला धुऊन काढणारा पाऊस नाही, नैसर्गिक शत्रूंना सहज प्रवेश नाही, आणि जरबेरा वा ढोबळी मिरचीचे अन्न मात्र अखंड उपलब्ध. म्हणून दारातच बंदोबस्त हवा: दुहेरी दार, बारीक जाळी, निळे चिकट सापळे, आसपासच्या तणांचा नायनाट. फुलकिडे पिकांत जो रोगकारक विषाणू पसरवतात, तो पिल्लावस्थेतच त्यांच्या शरीरात शिरतो आणि प्रौढ कीड तो आयुष्यभर पसरवते; यास्तव तणावर वाढणारी पिलेच प्रथम संपवली पाहिजेत.

कांद्यासाठी राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संस्थेने सुचविलेली युक्ती मला फार मोलाची वाटते. लागवडीच्या सुमारे महिनाभर आधी शेताभोवती बाहेर मका व आत गहू पेरला की वाऱ्यावर येणारे दुर्बळ पंखांचे फुलकिडे तेथेच अडतात. तुषार सिंचनाने पातीवरची कीडही बरीच धुऊन जाते. एवढी तरतूद केल्यावर, झाडामागे सरासरी तीस फुलकिडे भरेपर्यंत औषधाला हात लावण्याचे कारण नाही.

म्हणून प्रत्येक गावी फवारणीपूर्वी निदान दहा झाडांची गाभ्यापर्यंत तपासणी करून संख्या नोंदवहीत लिहावी, आणि लागोपाठ दोनदा एकाच गटाचे औषध वापरू नये, असा ठराव आज आपणापुढे येत आहे. तो आपण एकमताने संमत करावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.